स्लाइड्स आपोआप कशा चालवायच्या, आणि किती सेकंदांनी?

प्रेझेंटेशन म्हटलं की आपल्याला कॉलेजचा सेमिनार आठवतो. एक जण उभा राहून बोलतोय, दुसरा लॅपटॉपजवळ बसून "नेक्स्ट" ऐकलं की बटण दाबतोय. पण आता स्लाइड्स अशा ठिकाणीही दिसतात, जिथे बोलणारं कुणीच नसतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा टीव्ही, दवाखान्यातली ओपीडी, कोचिंग क्लासचं रिसेप्शन, लग्नाच्या हॉलमधला मोठा स्क्रीन. स्लाइड्स आपल्या आपण बदलत राहतात आणि शेवटची झाली की पुन्हा पहिली येते. यालाच ऑटो-प्ले म्हणतात. गूगल स्लाइड्समध्ये हे काम फुकटात होतं.

मी भंडारा जिल्ह्यातला. ओळखीत कुणालाही टीव्हीवर काही फिरवायचं असलं की मला फोन येतो. त्यामुळे कुठलं बटण कुठे आहे ते सांगतोच, पण या लेखातला जास्त वेळ मी एकाच गोष्टीला देणार आहे: एक स्लाइड किती वेळ थांबली पाहिजे. सेटिंग पाच मिनिटांत जमतं. लोकांची अडचण होते ती सेकंदांमुळे.

उदाहरण म्हणून धान खरेदी केंद्रावरचा टीव्ही घेऊ. आपल्याकडे धान हेच मुख्य पीक. दिवाळीच्या आसपास कापणी आणि चुरणा आटोपला की केंद्रांवर गर्दी सुरू होते. येणाऱ्या प्रत्येकाचे प्रश्न साधारण तेच असतात. नोंदणीला काय काय कागद लागतात? हमीभाव किती? ओलावा किती चालतो? काउंटरवरचा माणूस दिवसभर तीच उत्तरं देऊन थकतो. ही उत्तरं सहा-सात स्लाइड्समध्ये बसतात: सातबारा (त्यावर ई-पीक पाहणीत धानाची नोंद झालेली हवी), आधार कार्ड, बँकेचं पासबुक, यंदाचा भाव, ओलाव्याची १७ टक्क्यांची मर्यादा, केंद्राची वेळ. एवढंच. तुमचा विषय वेगळा असेल, पण पद्धत हीच.

गूगल स्लाइड्समध्ये दोन वाटा आहेत

स्लाइड्स फोनवर, गूगल स्लाइड्सच्या अ‍ॅपमध्ये बनवता येतात. मी स्वतः बऱ्याचदा बसमध्ये बसून अ‍ॅपमध्येच मजकूर टाइप करतो. पण आपोआप चालवण्याची लिंक बनवायची सोय कंप्युटरच्या ब्राउझरमधली आहे. कंप्युटर नसेल तर फोनच्या क्रोममध्ये गूगल स्लाइड्सची वेबसाइट उघडा, वरच्या तीन टिंबांच्या मेनूतून "डेस्कटॉप साइट" वर टिक करा आणि फोन आडवा धरा. लिंकवर टॅप केलं की कधी कधी अ‍ॅपच उघडतं. तसं झालं तर लिंक दाबून धरा आणि नवीन टॅबमध्ये उघडा. अक्षरं बारीक दिसतात, बोटाने नेम धरावा लागतो, पण काम होतं.

पहिली वाट म्हणजे लिंक बनवणं. फाइल मेनूत जा, शेअर निवडा, त्यात "पब्लिश टू वेब" आहे. समोर एक चौकट उघडते. तिच्यात स्लाइड किती वेळाने बदलावी याची यादी असते: १, २, ३, ५, १०, १५, ३० सेकंद आणि १ मिनिट. खाली दोन चौकोन असतात. एक टिक केला की पान उघडताच स्लाइड्स चालू होतात. दुसरा टिक केला की शेवटच्या स्लाइडनंतर पुन्हा पहिली येते. टीव्हीसाठी दोन्ही टिक करा, पब्लिश दाबा आणि मिळालेली लिंक टीव्हीच्या किंवा टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडा. लॅपटॉप असेल तर एफ ११ दाबून स्क्रीन पूर्ण करा. आणि लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन "थोड्या वेळाने स्क्रीन बंद" हे आधी काढून टाका, नाहीतर दहा मिनिटांनी लोक काळ्या काचेकडे बघत बसतील.

दुसरी वाट लिंकशिवाय. स्लाइड-शो सुरू करा, माउस खाली डाव्या कोपऱ्यात न्या, तिथल्या पट्टीवर तीन टिंबं दिसतील. त्यात "ऑटो-प्ले" आहे. वेळ निवडा, लूप निवडा, प्ले दाबा. यात काहीही इंटरनेटवर जाहीर होत नाही. लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडलेला असेल आणि तो तिथेच राहणार असेल, तर मी हीच वाट सुचवतो. का, ते पुढे येईल.

३ सेकंदांचा घोळ

पब्लिश टू वेबच्या यादीत काहीच न बदलता पुढे गेलात, तर ३ सेकंद हा आकडा आपोआप लागतो. फोटोंसाठी तो कदाचित ठीक असेल. मजकुरासाठी अजिबात नाही.

एका कार्यालयात (नाव नको) मी असा टीव्ही पाहिला होता. कागदपत्रांची यादी दर ३ सेकंदांनी येऊन जात होती. एक काका खिशातून चष्मा काढेपर्यंत यादी गेली. पुन्हा फेरी फिरून यायला वेळ लागला. या वेळी चष्मा लावलेला होता, पण दोन ओळी वाचून होतात न होतात तोच स्लाइड बदलली. "अरे थांबव ना बाबू, वाचून रायलो ना," असं ते टीव्हीलाच म्हणाले. तिसऱ्या फेरीला त्यांनी वाचायचं सोडून दिलं आणि सरळ काउंटरच्या रांगेत उभे राहिले. म्हणजे ज्या रांगेचा भार कमी व्हावा म्हणून टीव्ही लावला होता, तिथेच ते गेले.

इथे गोम काय आहे बघा. समोर माणूस बोलत असेल तर तो प्रेक्षकांच्या चेहऱ्याकडे बघून थांबतो. पुस्तक असेल तर आपण पान उलटायचं थांबतो. ऑटो-प्लेमध्ये बोलणाराही नाही आणि वाचणाऱ्याच्या हातात बटणही नाही. वेळ कुणीतरी आधीच, घरी बसून, ठरवून टाकलेली असते. आणि ती ठरवणारे आपण, म्हणजे दिवसभर फोनवर अंगठा सरकवणारी पोरं. आपला मजकूर आपणच टाइप केलेला असतो, तो आपल्याला पाठ असतो. त्यामुळे लॅपटॉपवर चालवून बघताना ५ सेकंदसुद्धा आपल्याला लांबलचक वाटतात. सवयीने आपण वेळ कमी करतो, आणि चष्मा शोधणारा माणूस मागे राहतो.

मी वापरतो ती पद्धत सोपी आहे. स्लाइड मोठ्याने वाचायची, मनात नाही. घाई न करता, आजोबांना पेपर वाचून दाखवतो तशी. फोनवर स्टॉपवॉच लावायचं. जितके सेकंद लागतील त्याच्या दीडपट वेळ स्लाइडला द्यायची. चार ओळींच्या, साधारण वीस शब्दांच्या स्लाइडला मला वाचायला १० सेकंद लागतात, म्हणून ती १५ सेकंद ठेवतो. जमलं तर घरातल्या मोठ्या माणसाला समोर बसवून वाचायला सांगा. माझी आई माझ्यासाठी हे काम करते आणि फार कडक परीक्षक आहे.

आता उलटं गणितही करा. ८ स्लाइड्स, प्रत्येकी १५ सेकंद, म्हणजे एक फेरी १२० सेकंदांची. एखाद्याची हवी ती स्लाइड हुकली, तर ती पुन्हा दिसायला पूर्ण २ मिनिटं. उभ्याने २ मिनिटं फार असतात. २० स्लाइड्स केल्यात तर ५ मिनिटं, आणि तेवढा वेळ कुणीच थांबत नाही. त्यामुळे वेळ वाढवायची तर स्लाइड्स कमी करायला हव्यात. स्वागताची स्लाइड, पदाधिकाऱ्यांच्या फोटोंची स्लाइड, "धन्यवाद" ची स्लाइड, या तीन काढल्या की ४५ सेकंद वाचतात. (फोटोंची स्लाइड काढायला सांगणं गावात किती अवघड असतं ते मला माहीत आहे. ती कोपऱ्यात छोटी करून पहिल्या स्लाइडवर बसवा. सगळे खूश.)

प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात "३/८" असा आकडा ठळक लिहा. आपल्याला हवी ती स्लाइड कितवी आणि ती यायला किती वेळ आहे याचा अंदाज वाचणाऱ्याला येतो. मग तो तेवढ्यात पाणी पिऊन येऊ शकतो.

गूगल स्लाइड्सची एक मर्यादा इथे आडवी येते: सगळ्या स्लाइड्सना एकच वेळ लागते. कागदपत्रांच्या यादीला २० सेकंद हवेत आणि केंद्राच्या वेळेला १० पुरतात, तर काय करायचं? वेळ १० सेकंद ठेवा आणि यादीच्या स्लाइडची हुबेहूब नक्कल करून लगेच मागे ठेवा. दोन सारख्या स्लाइड्स एकामागून एक आल्या की बघणाऱ्याला एकच स्लाइड २० सेकंद थांबल्यासारखी दिसते. फक्त कोपऱ्यातला आकडा दोन्हींवर सारखाच ठेवा, आणि पुढे मजकूर बदललात तर दोन्हीकडे बदला.

यादीत नसलेली वेळ हवी असेल, समजा १२ सेकंद, तर लिंकच्या शेवटाकडे बघा. "डिले एमएस" असे शब्द जोडून लिहिलेले दिसतील आणि त्यापुढे एक आकडा. ३ सेकंदांसाठी तो ३००० असतो, कारण तो मिलिसेकंदांत आहे. तिथे इंग्रजी अंकांत १२००० लिहा, एंटर दाबा. झालं. त्याच लिंकमध्ये "स्टार्ट" आणि "लूप" हे शब्दही आहेत, त्यांच्यापुढे "ट्रू" असतं. यातल्या "स्टार्ट" चा एक चांगला उपयोग आहे. लिंकची एक कॉपी घेऊन तिच्यात स्टार्टपुढचं "ट्रू" काढून "फॉल्स" लिहा. आता तीच स्लाइड्सची फाइल आपोआप न पळता थांबून राहते, वाचणारा हवं तेव्हा पुढे जातो. या दुसऱ्या लिंकचा क्यूआर कोड बनवा (क्रोममध्ये शेअर केल्यावर क्यूआर कोडचा पर्याय मिळतो), त्याचा प्रिंट काढा आणि टीव्हीखाली चिकटवा. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे तो स्कॅन करून आपल्या वेगाने वाचेल, घरी जाऊन पुन्हा बघेल, गावच्या ग्रुपवर टाकेल. माझ्या मते टीव्हीपेक्षा हा कागदच जास्त कामाचा आहे.

फोटोंचं गणित वेगळं. समजा शाळेच्या प्रदर्शनासाठी पवनीवर स्लाइड्स करताय: जगन्नाथ टेकडी, तिथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात सापडलेला बौद्ध स्तूप, गावाचा जुना परकोट, वैनगंगेचे घाट. फोटो आणि खाली एका ओळीचं नाव असेल तर ५ ते ७ सेकंद पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर पोरं निघून जातात. पण त्याच स्लाइडवर चार ओळींची माहिती टाकलीत, तर ती मजकुराची स्लाइड झाली, तिला मजकुराची वेळ द्या.

आणि अ‍ॅनिमेशन. "ऑन क्लिक" ठेवलेलं अ‍ॅनिमेशन ऑटो-प्लेमध्ये वेळेचा हिशोब बिघडवतं. ते "आफ्टर प्रीव्हियस" करा किंवा सरळ काढून टाका. फिरत फिरत येणारी अक्षरं वाचणाऱ्याचेच सेकंद खातात.

अक्षर दिसतं का?

वेळ भरपूर दिली पण अक्षर बारीक असेल तर उपयोग नाही. तपासायची युक्ती: स्लाइड फोनवर आडवी उघडा आणि हात पूर्ण लांब करून धरा. फोनचा स्क्रीन साधारण साडेसहा इंचांचा, टीव्ही ३२ इंचांचा, म्हणजे जवळपास पाचपट. हात लांब केल्यावर फोन डोळ्यांपासून अंदाजे २ फुटांवर असतो, म्हणजे टीव्ही १० फुटांवरून दिसेल साधारण तसंच हे दृश्य. फोनवर वाचायला अडखळलात, तर टीव्हीसमोरचा माणूसही अडखळेल.

फॉन्टसाठी मुक्त, बालू २ किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. गूगल स्लाइड्सच्या फॉन्टच्या यादीत "मोअर फॉन्ट्स" मध्ये जाऊन लिपी देवनागरी निवडली की हे मिळतात. डीटीपीच्या दुकानातून आलेल्या मजकुराची मात्र काळजी घ्या. तो बऱ्याचदा कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं फक्त चित्र असतं, आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. असा मजकूर गूगल स्लाइड्समध्ये चिकटवला की "धान" च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पुन्हा टाइप करा. फोनवर बोलून टाइप केलं तर वेळ वाचतो. जोडाक्षरं मात्र नजरेखालून घाला.

जुना भाव फिरत राहिला तर?

ऑटो-प्लेचा सगळ्यात मोठा धोका हा, की ते आपोआप चालतं. एकदा लावलं की लोक विसरतात.

२०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. २०२५-२६ साठी तो २,३६९ झाला. आता कल्पना करा, टीव्हीवर अजून २,३०० फिरतोय. शेतकरी तो आकडा वाचतो, खरा धरतो. बाहेर खासगी व्यापारी त्याला २,३२० देतो म्हणतो, तेही आजच्या आज रोख. त्याला वाटतं हमीभावापेक्षा २० रुपये जास्तच मिळाले. प्रत्यक्षात त्याचे क्विंटलमागे ४९ रुपये गेले. ४० क्विंटल धान असेल तर १,९६० रुपये. भिंतीवरचा फाटका कागद जुना आहे हे लगेच कळतं. चमकत्या टीव्हीवरचा आकडा कधीच जुना दिसत नाही.

म्हणून ज्या स्लाइडवर पैसे, तारीख किंवा वेळ आहे, तिच्यावर हंगाम आणि "माहिती अमुक तारखेची" अशी ओळ टाकाच. पावसाळ्यात तर याहून जास्त जपा. गोसेखुर्दच्या विसर्गाचा किंवा नदीच्या पातळीचा आकडा स्लाइडवर टाकण्याचा मोह कुणालाही होतो. वैनगंगेच्या काठचे लोक ऑगस्ट २०२० अखेरचा पूर विसरलेले नाहीत, असा आकडा त्यांच्यासाठी माहितीपुरता नसतो. तासातासाला बदलणारी गोष्ट लूपमध्ये ठेवूच नका. त्या स्लाइडवर फक्त चौकशीचा फोन नंबर द्या.

चांगली गोष्ट ही, की पब्लिश केलेल्या स्लाइड्स बदलायला नवी लिंक लागत नाही. फोनवरच्या अ‍ॅपमधून आकडा बदला, काही मिनिटांत तो त्याच लिंकवर दिसू लागतो. टीव्हीवर आधीपासून उघडं असलेलं पान मात्र एकदा रिफ्रेश करा.

लाईन गेली, नेट गेलं

लिंक चालते ती इंटरनेटवर. लाईन जाऊन आली की टीव्ही चालू होतो, पण पान पुन्हा उघडावं लागतं, आणि ते उघडणारा पोरगा तेव्हा तिथे नसतो. अशा ठिकाणी पेनड्राइव्ह बरा. गूगल स्लाइड्समधून फाइल, डाउनलोड करत प्रत्येक स्लाइड पीएनजी चित्र म्हणून उतरवा, ०१, ०२ अशी नावं द्या, पेनड्राइव्हमध्ये टाका. बहुतेक टीव्हींमध्ये फोटोंचा स्लाइड-शो असतो.

त्याहून नीट हवं असेल तर पॉवरपॉइंट. तिथे प्रत्येक स्लाइडला वेगळी वेळ देता येते: ट्रान्झिशन्स टॅबमध्ये "आफ्टर" पुढे सेकंद लिहायचे आणि "ऑन माउस क्लिक" ची टिक काढायची. सेट अप स्लाइड शोमध्ये "किऑस्क" निवडलं की एस्केप दाबेपर्यंत फेरी थांबत नाही आणि चुकून क्लिक झाल्याने स्लाइडही पुढे जात नाही. तीच फाइल एक्स्पोर्टमधून व्हिडिओ म्हणून साठवता येते. तो व्हिडिओ पेनड्राइव्हवरून टीव्हीच्या रिपीटवर लावा. कॅनव्हा वापरणाऱ्यांनाही हे जमतं, तिथे प्रत्येक पानाची वेळ ठरवून एमपी-४ उतरवता येतो. व्हिडिओचा तोटा एवढाच, की भाव बदलला की नवा व्हिडिओ करून पेनड्राइव्ह घेऊन जावं लागतं.

लिंक कुणाकुणाला दिसते?

पब्लिश टू वेब याचा अर्थ शब्दशः घ्या. लिंक ज्याच्या हाती लागेल त्या कुणालाही स्लाइड्स दिसतात, लॉगिन लागत नाही. आणि हे शेअरिंगपासून वेगळं आहे. मूळ फाइल तुम्ही फक्त दोघांना शेअर केली असली, तरी पब्लिश केलेली लिंक सगळ्यांना उघडते. शेअरिंग बंद केलं म्हणून ती बंद होत नाही.

त्यामुळे नोंदणी झालेल्यांची नावं, मोबाईल नंबर, आधार क्रमांक, खाते क्रमांक, निकालाची यादी, मुलांचे फोटो, यातलं काहीही पब्लिश करायच्या फाइलमध्ये नको. स्लाइडखालच्या नोट्समध्येही नको. "फक्त आपल्या टीव्हीसाठी आहे" हे कारण चालत नाही, कारण लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा गेली की ती फक्त टीव्हीची राहत नाही. नावांची यादी दाखवायचीच असेल तर वर सांगितलेली दुसरी वाट घ्या, लॅपटॉपवरचं ऑटो-प्ले. तिथेही आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाका. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या अकाउंटवर पब्लिशची सोय कधी कधी अ‍ॅडमिनने बंद ठेवलेली असते. ती दिसली नाही तर खासगी अकाउंटवरून पळवाट काढण्याआधी विचारून घ्या.

हंगाम संपला, की पुन्हा फाइल, शेअर, पब्लिश टू वेब. खाली "पब्लिश्ड कंटेंट अँड सेटिंग्ज" उघडा आणि "स्टॉप पब्लिशिंग" दाबा. मग टीव्हीखालचा क्यूआर कोडचा कागदही काढून घ्या, कारण पुढच्या दिवाळीपर्यंत तो तिथेच असेल आणि कुणीतरी स्कॅन करेलच.